चकवोबाचा दुसरा अर्धा

मी खोटं बोलते, हे आधीच सांगून ठेवते. म्हणजे पुढं मी खरं सांगायला लागले की तुम्ही ते खोटं धरून चालाल आणि माझी थोडी अब्रू वाचेल. आमच्या घरी सांगतात की जन्मले तेव्हा मी रडलेच नाही. दाईला विचारलं, "उन्हाच्या आलात की काय?" आणि ती जरा टेकल्यावर तिला तिच्याच नवऱ्याबद्दल दोन गोष्टी सांगितल्या. दुसरी ऐकून ती तडक माहेरी गेली. एवढं सोडलं तर मी साधी बाई आहे. सोलापुरातल्या एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क. दाखले, हजेरीपत्रकं, पगारबिलं, सगळीकडं अक्षर न अक्षर खरं लिहावं लागतं. दिवसभर इतकं खरं लिहिलं की संध्याकाळी जिभेला कोरड पडते.

ती कोरड मी अन्नांच्या घरी भागवायची.

अन्ना शहराच्या पूर्व भागातले, विणकरांच्या वस्तीतले, घरात तेलुगू बोलणारे, जन्मभर चादरींची डिझाइनं काढलेले. चादरीवरचा मोर मागावर यायच्या आधी कागदावर येतो. बारीक चौकोनांचा ग्राफ पेपर घ्यायचा आणि एकेक चौकोन रंगवत जायचं. रंगवला तो धागा वर, कोरा राहिला तो धागा खाली. अन्नांनी इतके मोर रंगवलेत की सगळे एका वेळी उडाले असते तर सोलापूरवर सावली पडली असती. आणि सोलापुरात सावली ही काय चीज असते ते एप्रिलमध्ये इथं येऊन बघा. मग कॉम्प्युटर आले, पाठोपाठ त्यांचा कारखानाही बंद पडला. अन्ना घरी बसले, पण त्यांची पेन्सिल काही बसली नाही. वयानं माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, तरी मला अक्का म्हणतात. मी त्यांना अन्ना म्हणते, म्हणून त्यांची बायको माझी वदिना. त्यांच्यात वहिनीला वदिना म्हणतात.

पहिल्यांदा गेले ते शाळेच्या कामानं. शाळेत पाहुणा आला की आम्ही त्याला नारळ आणि चादर देतो. मुख्याध्यापकांच्या मनात आलं की त्या चादरीवर शाळेचं चिन्ह विणून घ्यावं. मी चिन्हाचा कागद घेऊन चारला येते म्हणाले आणि सहाला पोचले. मधले दोन तास भजी खाण्यात गेले होते.

वदिनांनी दारातच धरलं. "चार म्हणजे तुमच्या शाळेत सहा असतंय का?"

"चारलाच निघाले हो," मी म्हणाले. "वाटेत देवानं अडवलं."

"कुठला देव?"

"चकवोबा."

हे नाव त्या क्षणाला जन्मलं. रानात माणसाची वाट चुकवून पहाटेपर्यंत गोल फिरवणारा चकवा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मी त्याला फक्त बढती दिली. म्हटलं, हा चकव्यांचा देव, बंद मिलच्या चिमणीवर राहतो. देवळाबाहेरच्या जोडातली एकच चप्पल पळवतो, कारण दोन नेल्या तर ती चोरी आणि एक नेली तर लीला. जेऊरच्या स्टेशनात उतरलेला माणूस पिशव्या सावरत बाहेर येतो तर समोर मैंदर्गीचा बाजार भरलेला. परत आत पळतो तर आत नातेपुतं.

"आणि तुम्हाला कसा सोडला?"

"भजी दिली त्याला."

"तेल तर तुमच्या ओठाला लागलंय," वदिना म्हणाल्या आणि आत भाकरी थापायला गेल्या.

एवढा वेळ अन्ना खाली मान घालून बसले होते. मी उठायला लागले तसा त्यांनी एक कागद पुढं सरकवला. ग्राफ पेपरवर चकवोबा. एक मिचकावता डोळा, अर्धी मिशी, अर्धं हसू, एका हातात एक चप्पल. कपाळापासून पायापर्यंत, नाकाच्या मधोमध, करवतीनं उभा कापल्यासारखा सरळ संपलेला. पलीकडं कोरे चौकोन.

"अन्ना, दुसरा अर्धा?"

ते गोंधळले. आज मला माहीत आहे ते का गोंधळले. दोन्ही बाजू सारख्या असतील तर डिझाइनवाला अर्धंच काढतो. दुसरी बाजू माग आपणहून उलटी विणून देतो. चाळीस वर्षं त्यांनी अर्धे मोर, अर्धे हत्ती, अर्धी कमळं काढली. मधल्या रेषेला हात आला की थांबतो. मी मात्र त्यांना तोंडच उघडू दिलं नाही.

"कळलं," मी म्हणाले. "दुसरा अर्धा त्यानं देऊन टाकलाय."

"कुणाला?" आतून आवाज आला.

मी आवाजाच्या दिशेनं बघितलं. पीठ, परात, तवा. "भाकरीवालीला."

असा आमचा देव झाला. दर गुरुवारी शाळा सुटली की मी जायची, बोलायची, अन्ना काढायचे, आणि शुक्रवारी सकाळी मी त्या पानाचा फोटो शाळेतल्या बायकांच्या ग्रुपवर टाकायची. चकवोबा अर्धा, भाकरीवाली अर्धी. दोघांची शक्ती मात्र एकच. गावाला फसवायची, बुडत्याला पळवाट दाखवायची, एका भाकरीच्या चार दिसतील असं करायची ती एकच शक्ती दोघांत वाटलेली. चकवोबानं चिमणीवरून जास्त माज केला की इकडं भाकरीवालीचा तवा थंड. भाकरीवालीनं रांगेतल्या सगळ्यांना पोटभर वाढलं की तिकडं देव चिमणीवर साध्या माणसासारखा घाबरून बसलेला.

"एका चादरीत दोघं झोपल्यासारखं. एकानं ओढली की दुसरा उघडा." हे वाक्य ज्यानं त्यानं मला परत ऐकवलं, आणि दर वेळी मी मान लववून घेतलं. ते वाक्य अन्नांचं आहे. त्यांनी ते खोडरबर शोधता शोधता म्हटलं होतं.

दोन वर्षांत ते पान कुठं कुठं गेलं. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसाआड पाणी येतं, आणि पाण्याच्या दिवशी सोलापूरची बाई सख्ख्या भावालाही ओळखत नाही. पण पाण्याचा दिवस शुक्रवारी आला तर बायका एका हातात पाइप आणि एका हातात फोन धरून उभ्या असायच्या. कितीतरी बॅरल वाहून गेले आणि रस्त्यावर बदकं आली. बदकं मी आत्ता घातली. बाकी खरं आहे.

मग पुण्याहून फोन आला. एका प्रकाशनातल्या बाई होत्या, आवाज गोड, प्रत्येक वाक्याला "अगदीच" लावणाऱ्या. कल्पना अगदीच नवीन. भाषा अगदीच जिवंत. पुस्तक करू म्हणाल्या, चित्रकथेचं, मोठं, रंगीत. मी शाळेच्या जिन्यात उभी होते. त्या क्षणी कुणी मला हात लावला असता तर त्याला शॉक बसला असता.

"फक्त ती चौकोनी चौकोनी चित्रं," बाई म्हणाल्या. "जरा जुनी वाटतात हो. आणि अर्धाच देव! मुलांना पूर्ण लागतो. आमच्याकडं चित्रकार आहे. तुमची ही चित्रं कोण काढतं?"

इथं मला थांबू द्या. आयुष्यात मी ज्या थापा मारल्या त्या सगळ्या रांगेत उभ्या केल्या तर रांग विजापूरपर्यंत जाईल, आणि त्यातल्या एकीचीही मला लाज नाही. त्या जिन्यात मात्र मी खोटं बोललेच नाही. म्हणाले, "ती मी एकांकडून काढून घेते." शब्दाशब्दानं खरं वाक्य होतं. तसलं खरं मी पुन्हा कधी बोलले नाही.

करार फोनवरच आला. "सर्व पात्रांची एकमेव निर्मिती" असं काहीतरी होतं, खाली माझं नाव होतं. सही केली, फोटो काढला, पाठवला. मग बाई म्हणाल्या की ग्रुपवरचा चकवोबा आता बंद करा, वाचकांना नव्याची ओढ लागली पाहिजे.

बंद कसा करणार? अन्नांना जाऊन काय सांगणार? दोन दिवस विचार केला आणि खऱ्या चोरासारखा सोपा मार्ग निवडला. देवाला मारायचं. आणि ज्यांना काही माहीत नाही त्यांच्याच हातून.

गुरुवारी गेले. म्हणाले, "अन्ना, लोकांचं म्हणणं आहे, आता चकवोबा मेला पाहिजे."

"कोण लोक?"

"सगळेच. ग्रुप पेटलाय."

अन्नांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्याकडं साधा फोन आहे, बटणाचा. ग्रुपवर काय चालतं ते त्यांना मी सांगेन तेवढंच कळायचं. "देव मरतंय का अक्का?"

"अर्धा देव मरतो."

"मग अर्धी शक्ती कुठं जाते?"

"भाकरीवालीकडं. ती पूर्ण होते." पुण्याच्या बाईंना पुस्तकात पूर्ण देव हवा होता, म्हणून आधी गोष्टीतच कुणाच्या तरी अंगात तो पूर्ण करून ठेवायचा होता. मी भराभर सांगून टाकलं: गावात ऊन इतकं वाढतं की रस्ते वितळतात, भाकरीवाली सगळी शक्ती स्वतःकडं ओढून घेते, आणि चिमणीवरचा चकवोबा उघडा पडून खाली कोसळतो.

वदिना दाराशी येऊन उभ्या होत्या. हातात शेंगा निवडायचं सूप. "ती असं करणार न्हाय," त्या म्हणाल्या.

"अहो, गोष्ट आहे."

"गोष्टच की. दोन वर्षं ती त्याला उपाशी ठेवली न्हाय. आता ढकलून देती व्हय? तिला कशाला चोर करताय?"

मी सुपातली एक शेंग उचलून फोडली. अन्ना हळूच म्हणाले, "ओढून घेत न्हाय ती. त्योच देऊन टाकतो. लोकांना पाहिजे म्हणताय न्हवं अक्का? मग त्याला कळलं असणार की लोकांना आता नको झालाय."

"हां," मी म्हणाले. "तसं करा."

एरवी एका संध्याकाळी होणाऱ्या पानाला अन्नांना तीन आठवडे लागले. शेवटच्या पानावर चिमणीच्या पायथ्याशी चकवोबा पडलेला होता. एक पाय, एक कान, एक गाल, एक डोळा. तो डोळा अर्धा मिटलेला. किती चौकोन मिटायचे आणि किती उघडे ठेवायचे यातच तीन आठवडे गेले असणार. झोपला म्हणावं तर झोपलाय, गेला म्हणावं तर गेलाय. आणि मधल्या रेषेपलीकडं नेहमीसारखे कोरे चौकोन.

ग्रुप खरोखरच पेटला. ज्यांच्या नावानं मी खोटं बोलले होते ते लोक आता माझ्यावर उठले. मेला का? दुसरा डोळा दाखवा. आमच्या गणिताच्या बाई, ज्या तेराव्यालासुद्धा जेवून लगेच उठतात, त्या ऑफिसात येऊन माझ्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "असं कुणी कुणाला मारतं का गं?"

तिकडं पुण्याहून नव्या चित्रकाराचा चकवोबा आला. पूर्ण. दोन डोळे, दोन मिशा, पोटावर स्नायूंच्या पुण्यासारख्या सहा पेठा आणि दंडाला सातवी. हा देव चप्पल कशाला पळवेल, हा तर दुकानच उचलून नेईल. सुंदर होता. मी त्या फोटोला अंगठा पाठवला आणि शाळेच्या मोरीत जाऊन तोंड धुतलं. पुन्हा धुतलं.

पुढच्या गुरुवारी मी ठरवून गेले. वाटेत कुठं थांबले नाही. दोघांनाही बसवलं आणि पहिल्यापासून सांगितलं. पुण्याच्या बाई, "एकांकडून काढून घेते", करार, सही, लोकांनी काही मागितलं नव्हतं हेसुद्धा. आवाज चढवला नाही, बदकं घातली नाहीत.

माझं संपलं तेव्हा अन्ना हसत होते.

"चांगलं जमलंय अक्का," ते म्हणाले. "पण पुण्याची बाई जरा खोटी वाटती. एवढं गोड कुणी बोलतंय का?"

"अन्ना, ही गोष्ट नाही."

"आं, असंच सुरू करा." त्यांनी कागद ओढला, पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. "म्हणजे चकवोबाचा अर्धा कुणीतरी दुसऱ्या गावात विकला. बरं हाय. विकणारी बाई कशी दाखवायची? जाड की बारीक?"

"माझ्यासारखी दाखवा."

"तुमच्यासारखी चालणार न्हाय," वदिना म्हणाल्या. "तुमाला बघून कुणालाच राग येत न्हाय."

मला सांगता येणार नाही ते वाक्य कुठं लागलं. दोन वर्षं त्या घरात मी जे जे बोलले ते त्यांनी गोष्ट म्हणून घेतलं होतं, चहा देऊन घेतलं होतं. आता एकदा खरं बोलले तर तेही त्यांनी तसंच प्रेमानं घेतलं. सोपं होतं. मी गप्प बसले असते तर अन्नांनी त्या विकणाऱ्या बाईची आठ-दहा पानं काढली असती, आम्ही तिघं तिला हसलो असतो, आणि पुस्तक आल्यावर मी अजून एक थाप शोधली असती. जीभ तयारच होती. चहा येईपर्यंत मी गप्पही बसले.

मग फोन काढला, करार उघडला आणि अन्नांच्या हातात दिला.

अन्ना मराठी सावकाश वाचतात, एकेका अक्षरावर बोट ठेवून. बोट "एकमेव"वर थांबलं. तिथून खाली माझ्या सहीवर गेलं. वदिनांनी तेलुगूत काहीतरी विचारलं, त्यांनी दोन शब्दांत उत्तर दिलं. वदिना उठून आत गेल्या. तव्याचा, परातीचा, कशाचाच आवाज आला नाही.

"ही सही तुमचीच का?"

"माझीच."

"कुणी करून घेतली न्हाय?"

"नाही. मीच केली."

त्यांनी फोन माझ्या बाजूला, नीट, माझ्याकडं तोंड करून ठेवला. टोक काढलेली पेन्सिल डब्यात घातली. "मग मेला की त्यो," ते म्हणाले. "मला वाटत हुतं, झोपलाय."

दुसऱ्याच दिवशी मी पुण्याला फोन केला. रडायचं, भांडायचं, पाया पडायचं, सगळ्याची तयारी केली होती. करार मोडा म्हणाले तर बाई म्हणाल्या, "अगदीच हरकत नाही. आमच्या चित्रकाराला दुसरं मोठं काम आलंय, आम्हीच तुम्हाला कळवणार होतो." त्यांनी चार ओळींचं पत्र पाठवलं, झालं. एवढ्या हलक्या गोष्टीसाठी मी एवढं जड काहीतरी करून बसले होते. निदान कुणी माझ्याशी भांडलं तरी असतं.

पत्राची प्रत अन्नांना दिली. त्यांनी पूर्ण वाचली, बोट ठेवून, आणि म्हणाले, "बरं झालं." पेन्सिल बाहेर आली नाही. ग्रुपवर मी काय केलं ते लिहिलं. निम्म्यांना ती चकवोबाची नवी चाल वाटली. गणिताच्या बाईंना वाटली नाही. त्या आजकाल माझ्याशी कामापुरतं बोलतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

गुरुवार मी सोडले नाहीत. जायची, बसायची, खरं बोलायची. आज वर्गात पंखा पडला, कुणाला लागलं नाही. दाखल्याचे फॉर्म संपले. सात-आठ आठवडे असे गेल्यावर वदिना वैतागल्या. "अक्का, तुमी आलात की बातम्या लावल्यासारखं वाटतंय. काय तरी सांगा की."

"काय सांगू? तो तर मेला."

अन्ना उठले, कपाटातून तो शेवटचा कागद काढला, चिमणीखाली पडलेल्या अर्ध्या देवाचा, आणि माझ्यासमोर फरशीवर पसरला. शेजारी पेन्सिल ठेवली.

"काढा," ते म्हणाले.

"मला कुठं येतं?"

"पूर्ण तुमचाच म्हटलंय न्हवं? मग पूर्ण करा. ह्यो अर्धा मी केलाय, त्यो तुमी करा. मोजून. इकडं जेवढे, तिकडं तेवढे."

"आणि अन्ना, तो डोळा? दुसरा?"

"तिथं पोचल्यावर बघा. पायाकडनं सुरुवात करायची."

मला सरळ रेघ येत नाही. शाळेत माझ्या हत्तीला लोक मटका समजायचे. पहिल्या दिवशी मी अंगठ्याच्या नखाचे चौकोन रंगवले, अकरा. अन्ना चष्मा लावून वाकले, मोजले आणि म्हणाले, "बारा पाहिजेत. खोडा." खोडले. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच नख. आता मी घोट्याच्या थोडी वर आले आहे. ते स्वतः पेन्सिलीला हात लावत नाहीत, चुकलं की बोट ठेवतात. आणि वदिना मधेच येऊन कागदाकडं बघतात, माझ्याकडं बघत नाहीत, आणि विचारतात, "गुडघा कधी येणार?"